मे महिन्यात सोलापूरहून गाडीने जैसलमेर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मे महिन्यात जैसलमेरला निघालोय म्हटल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "इथलं ऊन कमी पडतंय का तुम्हाला?" प्रश्न रास्त होता. आमच्या दाजींचं उत्तर तयार होतं, "आपण सोलापूरचे बे, उन्हाला काय घाबरायचं!" आमची पहिली सहल याच वाक्यामुळे अर्धी वाया गेली. दुसऱ्या वेळी ते वाक्य घरी ठेवून गेलो आणि सहल झकास झाली. दोन्ही वेळच्या अनुभवातून हे लिहितोय.

जैसलमेर बघायचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. पण पोरांच्या शाळा, नोकरीतल्या रजा, लग्नसराई यांतून सलग दहा दिवस मिळतात ते उन्हाळ्यातच. तेव्हा जायचंच असेल तर एकच गोष्ट मनावर घ्या: दिवसातून दुपार वजा करा. सकाळी अकरा ते संध्याकाळी साडेपाच हा वेळ तुमचा नाहीच, असं समजून सगळं आखा. रस्ता, जेवण, झोप, किल्ला, वाळू, सगळं.

आधी तारीख

एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला पंधरवडा बरा. आपल्याकडे २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं आणि शेतकरी आभाळाकडे बघायला लागतो. राजस्थानात तिथून पुढच्या नऊ दिवसांना नौतपा म्हणतात आणि लोक शक्यतो घराबाहेर पडत नाहीत. रोहिणी लागायच्या आत घरी परत या. आपल्याकडे जूनमध्ये मृगाच्या सरी येतात म्हणून तिकडेही येतील असं धरू नका. तिथे पाऊस पोचायला बहुधा जुलै उजाडतो आणि वर्षभरात जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पडतो.

दुसरं, पंचांग उघडा. पौर्णिमेला वाळू चांदण्यात दिसते, अमावस्येला आभाळ चांदण्यांनी भरतं. दोन्ही एका सहलीत मिळत नाही. मी अमावस्या निवडीन. पौर्णिमेचं चांदणं आपल्या गच्चीवरही पडतं, पण मध्यरात्रीनंतर वर येणारी आकाशगंगा सोलापुरातल्या दिव्यांमुळे दिसायची सोय राहिलेली नाही.

मुक्कामाचं बुकिंग सोपं आहे. उन्हाळ्यात गावातली हॉटेलं रिकामी असतात आणि दर उतरलेले असतात, फोनवर घासाघीस चालते. वाळूतले तंबूवाले कॅम्प मात्र बरेचसे बंद असतात. जो चालू आहे असं सांगतो त्याला "दुपारी वीज असते का, कूलर आहे की एसी" हे विचारा. कोरड्या हवेत साधा कूलरही छान गार करतो, त्यामुळे कूलर म्हटलं की नाक मुरडू नका.

तिथलं ऊन आपलं नाही

आपल्याकडे ४२-४३ अंश म्हणजे नेहमीचं. तिकडे आकडा थोडासाच जास्त असतो, म्हणून माणूस फसतो. जैसलमेरच्याच बाजूच्या फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंश नोंदवलं गेलं. देशातला तो विक्रम. पण आकड्यापेक्षा तीन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, सावली नाही. आपल्याकडे दर अर्ध्या किलोमीटरला कडुनिंब भेटतो, तिथे भेटते ती खेजडी, आणि तिची सावली चाळणीतून गाळल्यासारखी. दोन, लू. भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा तोंडावर येतो आणि गार वाटायच्या ऐवजी चटका बसतो. तीन, आणि हे सगळ्यात घातक, घाम दिसत नाही. येतो, पण येताक्षणी उडतो. सदरा कोरडाच राहतो आणि तुम्हाला वाटतं आज घामच नाही. संध्याकाळी सदरा काढला तर पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा असतात, समुद्राच्या लाटा उमटाव्यात तशा. तेवढं मीठ आणि पाणी अंगातून गेलेलं असतं.

म्हणून तहान लागायची वाट बघू नका. दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट, मोबाइलवर गजर लावून. लघवीचा रंग गडद पिवळा झाला की पाणी कमी पडतंय. ओआरएसची पाकिटं माणशी रोज दोन या हिशेबाने घ्या. संपली तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच.

आमच्या पहिल्या सहलीतली गोष्ट. सकाळी आरामात नाश्ता करून अकराला कुलधरा बघायला निघालो. ओसाड गाव, पिवळ्या दगडाच्या पडक्या भिंती, एक झाड नाही. वीस मिनिटांत आत्या गप्प झाल्या. गप्प बसणं ही आत्यांची रीत नाही, पण फोटोच्या नादात कुणाच्या लक्षात आलं नाही. मग भिंतीला टेकून म्हणाल्या, "सोलापूरची गाडी किती वाजता आहे?" आम्ही तर स्वतःच्या गाडीने आलो होतो, रेल्वेने नाही. तिथे माझ्या पोटात गोळा आला. त्यांना गाडीत आणून एसी लावला, टॉवेल भिजवून मानेवर, काखेत ठेवले, घोट घोट पाणी पाजलं. तासाभरात भांडायला लागल्या तेव्हा जिवात जीव आला. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलंय पण घाम थांबलाय, किंवा शुद्ध हरपतेय असं दिसलं तर घरगुती उपायांवर वेळ घालवू नका: सावलीत न्या, अंग भिजवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

घरात कुणाला बीपीची, लघवी जास्त करणारी गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन गार पिशवीत, ती पिशवी डिकीत नाही, माणसांबरोबर.

गाडी

जाऊन येऊन ३,००० किलोमीटर आणि तिथलं फिरणं ४००-५००. गाडी लिटरला १५ देत असेल तर साधारण २३० लिटर इंधन. निघायच्या आठ दिवस आधी गॅरेजला दाखवा, आदल्या दिवशी नको. काही बदलायचं निघालं तर त्यावर दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवून बघायला वेळ हवा.

टायर स्वतः बघा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, २३२१ असे. म्हणजे २०२१ सालातल्या २३व्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही शाबूत दिसो, पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर या प्रवासाला नेऊ नका. तापलेल्या डांबरावर रबर आतून सुटतं. हवा सकाळी गार टायरमध्ये भरा, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेली असते तेवढी. "उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी" असं सांगणारा एक तरी जाणकार भेटतोच. ऐकू नका. हवा कमी असली की टायरच्या बाजू जास्त वाकतात, जास्त तापतात आणि फुटतात. दुपारी तपासली तर दाब वाढलेला दिसेल, तोही काढू नका. स्टेपनी तपासा, जॅक आणि पाना आहे का तेही. आमच्या गाडीत जॅक होता, त्याचा दांडा शेजाऱ्याकडे होता.

रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नको, कूलंटच हवं. इंजिनाचा काटा वर चढला तर एसी बंद करा, गाडी कडेला घ्या आणि अर्धा तास बॉनेट उघडून ठेवा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. वाफेने तोंड भाजतं. बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर तीही तपासून घ्या. उन्हाळा बॅटरीला फार वाईट.

सीएनजीवाल्यांनी गुजरातेत मजा करावी, पुढे वाळवंटात पेट्रोलच्या भरवशावर राहावं. पेट्रोलही गुजरातेत महाराष्ट्र आणि राजस्थानपेक्षा स्वस्त असतं, तेव्हा सीमा ओलांडायच्या आधी टाकी भरा. आणि गुजरातेत दारूबंदी आहे. कुणी डिकीत "थंडीसाठी" म्हणून बाटली ठेवली असेल तर ती सोलापुरातच काढायला लावा. परक्या राज्यात नाक्यावर उभं राहून ते प्रकरण निस्तरायचं नसतं.

डिकीत काय

इथे आपण सोलापूरकर भाग्यवान आहोत. या प्रवासाला लागणारं निम्मं सामान आपल्या गावातच बनतं.

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. उन्हात पोळी-भाजी दुपारपर्यंत आंबते, ब्रेडला वास येतो. कडक भाकरीला काही म्हणजे काही होत नाही. तीन डझन भाकरी स्टीलच्या डब्यात उभ्या रचा, आडव्या रचल्या तर धुळ्यापर्यंत खालच्यांचा भुगा होतो. वाटेत दही कुठेही मिळतं. भाकरी चुरायची, दही, चटणी, वर कांदा फोडायचा. सांचोरच्या पुढे एका ढाब्यावर आम्ही फक्त ताक मागवलं आणि डबा उघडला, तर ढाबेवाला पगडी सावरत जवळ आला आणि भाकरी बोटाने वाजवून बघून म्हणाला, "पापड है क्या?" त्याला दोन दिल्या. त्याने ताकाचे पैसे घेतले नाहीत.

टॉवेल. घरातले सोलापुरी टेरी टॉवेल, माणशी दोन. एक भिजवून मानेभोवती, दुसरा सुकत. वीस मिनिटांत खडखडीत वाळतो, पुन्हा भिजवायचा. चादर दोन कामांना: गाडी उभी केली की सीट आणि स्टिअरिंगवर टाकायची, नाहीतर सीटबेल्टच्या कडीने मांडीवर डाग बसतो. आणि रात्री वाळूवर अंथरायची.

पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन. माणशी दिवसाला चार-पाच लिटर पिण्यासाठी धरा, वर गाडीसाठी आणि टॉवेल भिजवायला. छागळ मिळाली तर जरूर घ्या. जाड कापडाची ती जुन्या ट्रकच्या पुढे टांगलेली असायची, आठवत असेल. सावलीत वाऱ्याला टांगली की कोरड्या हवेत पाणी माठासारखं गार होतं. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातल्या माणसाला पाणी जपायला शिकवायची गरज नाही, पण इथे जपायचं ते वापरायचं पाणी. पिण्यात काटकसर करू नका.

कपडे सुती, सैल, पूर्ण बाहीचे. अर्धी चड्डी आणि बनियन घालून वाळवंटात फिरणारा माणूस पर्यटक असतो, तिथला नसतो. तिथला माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला असतो. चपलेपेक्षा बूट बरे.

बंद गाडीत पॉवर बँक, लायटर, डिओचा डबा ठेवून जाऊ नका. आणि लेकराला "दोनच मिनिटं" म्हणूनही नाही.

रस्ता

तीन दिवस, रोज साधारण पाचशे किलोमीटर, पहाटे चारला निघून दुपारी एकच्या आत मुक्कामाला. रस्त्यावर अकराची मर्यादा तेवढी ताणावी लागते. अट एकच: आदल्या रात्री नऊला झोपायचं. दाजींना हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पहिला दिवस सोलापूर ते धुळे. राष्ट्रीय महामार्ग ५२ तुळजापूर, धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर करत थेट धुळ्याला जातो. पहाटे तुळजापूरला बाहेरूनच आईला हात जोडले तर वेळ वाचतो, गाभाऱ्यात गेलात तर दिवस गेला. कन्नडच्या पुढे औट्रम घाट उतरताना गिअर खालचा ठेवा, ब्रेकवर पाय दाबून बसू नका. पुणे-मुंबईमार्गेही जाता येतं, पण मुंबईच्या आसपासच्या गर्दीत जी दुपार जाते ती परत मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी धुळ्याहून साक्री, कोंडाईबारीचा घाट, नवापूर, मग बारडोली आणि सुरतेच्या बाहेरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग. हा दिवस कंटाळवाणा आहे, ट्रक आणि कारखाने. भरूचजवळ नर्मदा लागते तेवढीच डोळ्यांना ओल. वडोदरा ते अहमदाबाद द्रुतगती मार्ग ९३ किलोमीटरचा, सरळ आणि म्हणूनच झोप आणणारा. इथे चालक बदला. दुपार अहमदाबादेत काढा आणि ऊन उतरल्यावर अजून पाऊणशे किलोमीटर जाऊन मेहसाण्याला मुक्काम करा. त्या पाऊणशे किलोमीटरचा तिसऱ्या दिवशी फार उपयोग होतो.

तिसरा दिवस खरा. मेहसाणा, डीसा, सांचोर, बाडमेर, जैसलमेर. सांचोरपासून महामार्ग ६८. शेतं विरळ होतात, मग बोरी-बाभळीसारखी काटेरी झुडपं, मग तीही सुटी सुटी. बाडमेरला टाकी भरा, पाणी भरा, लघुशंका उरका. पुढचे दीडशे किलोमीटर मोकळे आहेत. रस्ता गुळगुळीत, समोर मृगजळ डांबरावर तळं होऊन बसलेलं आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटर दाबतो. नेमकं इथेच मेंढ्यांचा कळप किंवा एखादा उंट कसलीही घाई नसल्यासारखा रस्ता ओलांडतो. पहाटे आणि संध्याकाळी तर जास्तच. उंट उंच असतो. धडकलात तर पाय बंपरला आणि धड काचेवर. ऐंशीच्या वर जाऊ नका.

नकाशा लावलेला फोन पुढच्या काचेवर चिकटवू नका. आमचा फोन बाडमेरच्या पुढे तापून बंद पडला आणि गावांची नावं कुणालाच पाठ नव्हती. एसीच्या जाळीवर अडकवा, आणि वाटेतल्या गावांची यादी कागदावर लिहून ठेवा.

पश्चिमेला मातकट भिंत उभी राहिल्यासारखी दिसली तर ती आंधी, धुळीचं वादळ. गाडी रस्त्यावरून पूर्ण खाली घ्या, काचा बंद, एसी आतल्या हवेवर, हेडलाइट बंद आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे लावून उभं राहिलात तर मागचा गाडीवाला रस्ता तोच समजून तुमच्या अंगावर येतो. बहुतेक वेळा थोड्या वेळात ओसरतं. महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ लक्षात ठेवा.

गावात

जैसलमेर सोलापूरपेक्षा बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे मेमध्ये सूर्य सव्वासातनंतर मावळतो. संध्याकाळ लांब मिळते, हा उन्हाळ्याचा एकमेव फायदा पुरेपूर घ्या.

किल्ला सकाळी. पावणेसहाला उजाडतं, सहाला दरवाजात असा. रावळ जैसलने ११५६ साली त्रिकूट टेकडीवर तो बांधायला घेतला. ९९ बुरुज, सगळा पिवळ्या दगडाचा. राजस्थानातल्या इतर पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर २०१३ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. पण खरी गंमत अशी की आत अजून माणसं राहतात. सकाळी सहाला किल्ल्याच्या बोळात दूधवाला असतो, अंगणात सडा असतो, गणपतीचं चित्र आणि लग्नाची तारीख भिंतीवर रंगवलेली असते. आपला भुईकोट बागेसारखा बघायची सवय असलेल्याला हे जरा चमत्कारिक वाटतं. कुणाच्या तरी घरासमोर आपण तिकीट काढून आलोय असं.

किल्ल्यात हॉटेलंही आहेत. तिथे राहू नका असं माझं मत. किल्ला उभारला तेव्हा घागरभर पाण्यावर घर चालायचं. आता नळ, शॉवर आणि सांडपाणी आलं, ते झिरपून खालची माती सैल होते आणि भिंतींना, बुरुजांना धक्का बसतो. बाहेर राहा. शिवाय गच्चीवरून किल्ला दिसतो तो बाहेरच्या हॉटेलातूनच.

आतली जैन मंदिरं पर्यटकांना सकाळीच बघायला मिळतात. कातडी पट्टा, पाकीट बाहेर ठेवावं लागतं. दगड अनवाणी पायाला नऊपर्यंत सोसवतो, पुढे नाही. मग खाली पटवांच्या हवेल्या, एका व्यापारी घराण्याने पाच भावंडांसाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या. नथमलची हवेली मला जास्त आवडते. दोन भावांनी डावी आणि उजवी बाजू वाटून घेतली आणि दोन्ही बाजू सारख्या वाटतात, पण नीट बघितलं तर सारख्या नाहीत. पोरांना फरक शोधायला लावा, अर्धा तास शांत जातो.

दहा-साडेदहाला खोलीवर. दुपारभर झोपा, पत्ते खेळा, काहीही करा. आम्हाला पहिल्या वेळी वाटत होतं एवढे पैसे खर्चून आलो आणि झोपायचं काय! पण त्या दुपारी बाजारही निम्मा बंद असतो. गावच झोपलेलं असतं.

संध्याकाळी गडीसर तळं. एके काळी सगळं गाव याच तळ्याचं पाणी प्यायचं, आज पाणी इंदिरा गांधी कालव्याचं. सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसायची सवय असलेल्या माणसाला गडीसर लगेच आपलंसं होतं. पाण्यात देखणी छोटी देवळं, पायऱ्या, भुईमुगाच्या शेंगा विकणारा. शेंगा आपल्या नाहीत, हे पहिल्या दाण्याला कळतं.

जेवणात दाल-बाटी तुम्ही खालच, पण दुपारी नको, पोटात दगड होते. दुपारी बाजरीची राबडी घ्या, ताकातली, आपल्या आंबिलीची बहीण. केर-सांगरी मात्र चुकवू नका. केर म्हणजे तिथल्या एका काटेरी झुडपाची फळं, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण आपट्याची पानं वाटतो आणि शमीची पूजा करून मोकळे होतो. तिकडे ती दुष्काळात माणसाला आणि जनावराला जगवते.

वाळू आणि ओसाड गावं

समची वाळू गावापासून चाळीसेक किलोमीटर. साडेपाचला निघा, सूर्यास्ताला पोचा. आपली गाडी डांबर सोडून वाळूत घालू नका. पन्नास फुटांत चाकं रुततात आणि मग ट्रॅक्टरवाला मागेल ते द्यावं लागतं. वाळूत जायला तिथल्या जीप आहेत, भाव आधी ठरवा, किती वेळ आणि कुठवर हेही. उंटावर बसायचं तर सूर्य टेकल्यावर. अंधार पडला की वाळू भराभर निवते. आठला गरम वाटणारी वाळू दहाला चादरीखाली सुखाची लागते. बूट उलटे झटकून घाला, विंचू असतात.

कुलधऱ्याला सकाळी साडेसहा-सातलाच जा. आत्या दुसऱ्या सहलीत तशाच आल्या आणि पूर्ण गाव चालून आल्या. पालीवाल ब्राह्मणांनी हे आणि आसपासची गावं सोडली. दिवाण सालिमसिंगाच्या जाचामुळे एका रात्रीत, अशी कथा गाइड रंगवून सांगतात. पाणी आटलं म्हणूनही म्हणतात. भुताखेतांच्या गोष्टींपेक्षा त्यांचं खडीन समजून घ्या. उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी सखल जागी लांबलचक मातीच्या बांधाने अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा काढायचा. आपल्या ज्वारीच्या रानातली बांधबंदिस्ती बघितलेल्या माणसाला हे एका नजरेत कळतं. फरक एवढाच की आपल्याकडे त्यांच्या अडीच-तीन पट पाऊस पडतो आणि तरी आपण टँकर मागवतो.

अकलचं जीवाश्म उद्यान बाडमेर रस्त्यावरच, गावाच्या अलीकडे १७ किलोमीटरवर लागतं. तिथले दगड म्हणजे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची झाडं. येताना ऊन डोक्यावर असेल, पाटी बघून पुढे चला, दुसऱ्या एखाद्या सकाळी परत या. तनोट आणि लोंगेवाला सव्वाशे किलोमीटरच्या घरात. १९७१ च्या लढाईमुळे सगळ्यांना जायचं असतं. उन्हाळ्यात पहाटे पाचला निघालात तरच जा. ओळखपत्र प्रत्येकाचं, टाकी पूर्ण, आणि मोबाइलला रेंज नसेल असं धरून.

आणि माळढोक. सोलापूरकराने हे चुकवू नये. नान्नजच्या माळावर याच पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. लहानपणी वडिलांच्या सायकलवरून आम्ही तिथे जायचो, आता तिथे तो दिसणं जवळपास संपलंच. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात आणि तो राज्यपक्षी आहे. उरलेल्यांतले बहुतेक याच भागात. समला २०१९ पासून त्यांचं प्रजनन केंद्र चालतं. राष्ट्रीय मरू उद्यानात सुदासरीच्या बाजूला सकाळी वनखात्याच्या परवानगीने आणि त्यांच्याच वाटेने जा. उन्हाळ्यात त्याची अंडी घालायची वेळ असते, तेव्हा गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न नाही. आम्हाला लांबवर एक दिसला. मान ताठ, पाऊल मोजून टाकत गवतातून चाललेला, गावच्या पाटलासारखा. दुर्बीण दाजींच्या हातात होती आणि ती परत मिळेपर्यंत तो दिसेनासा झाला. वर विजेच्या तारा होत्या. याच तारांना धडकून तो मरतो. समोर नीट बघणारी नजर नाही त्याची आणि अंग जड, ऐन वेळी वळता येत नाही.

परतताना

त्याच रस्त्याने येऊ नका, कंटाळा येतो. पोखरण, जोधपूर, उदयपूर करत अहमदाबादला उतरा. एक दिवस जास्त लागतो. पोरं फारच कावली असतील तर माउंट अबूला एक रात्र काढा, १,२०० मीटर उंचीवर जरा श्वास मिळतो.

घरी आल्यावर गाडी लगेच धुवू नका. आधी एअर फिल्टर काढून बघा, आणि एसीचाही. आमचा फिल्टर अक्कलकोट रोडच्या मिस्त्रीने फरशीवर आपटला तर ओंजळभर पिवळी बारीक वाळू पडली. तो तिच्याकडे बघत म्हणाला, "कुठल्या शेतात घातली होती की ओ गाडी?" दारांच्या रबरात, सीटच्या खाचेत, जॅकच्या खणात ती अजून सापडते. दांडा या वेळी बरोबर होता.